ताटकळत ठेवलेल्या मुलाने पत्र लिहावं का?

साशंक : डिसेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांचे लवकरच्या फेरीचे निकाल लागतात, आणि कित्येक मुलांना ना होकार मिळतो ना नकार. ‘तुमचा अर्ज नियमित फेरीत पुन्हा बघू’ एवढंच कळतं. मूल डिफर झालं. मार्चअखेरीस नियमित फेरीचे निकाल येतात, तेव्हा आणखी बरीच मुलं वेटलिस्टवर जातात. दोन्ही वेळा समुपदेशकापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे एकच सांगतात : पत्र लिही, अजूनही तुमच्याच कॉलेजात यायचंय असं कळव. माझा या सल्ल्यालाच आक्षेप आहे. या मुलाने मुख्य निबंध लिहिला, त्या कॉलेजच्या खास प्रश्नांची वेगळी उत्तरं लिहिली, शिक्षकांची शिफारसपत्रं गेली, शाळेचा अहवाल गेला, काहींची तर मुलाखतही झाली. एवढं वाचूनही ज्यांचा निर्णय झाला नाही, त्यांना आणखी एका पानात असं काय सापडणार आहे? स्टॅनफर्डचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्यांनी वेटलिस्टवरून दहाच्या आत मुलं घेतली आणि २०२० मध्ये अडीचशेच्या आसपास. एका वर्षात मुलांची पत्रं एवढी सुधारली का? कोविड आला, कोण येणार आणि कोण वर्षभर थांबणार याचा भरवसा उरला नाही, म्हणून जागा सुटल्या. जागा सुटतात त्या कॉलेजच्या गरजेपोटी. मुलाला मात्र आपण सांगतो की तुझ्या लेखणीत जोर असेल तर होईल. नाही झालं की ते मूल स्वतःलाच दोष देत बसतं.

आग्रही : जागा कॉलेजच्या गरजेप्रमाणे सुटतात हे मला मान्य आहे. पण तुम्ही दोन वेगळ्या अवस्था एकत्र धरताय, आणि पत्राबद्दलचे निम्मे गैरसमज तिथूनच येतात. डिफर झालेल्या मुलाचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये नियमित फेरीच्या गठ्ठ्यात खरोखर पुन्हा वाचला जातो. तेव्हा त्याच्या फाइलमध्ये नोव्हेंबरनंतरचं काही आहे की नाही याला अर्थ असतो. शाळेकडून मध्यवर्षाचा निकाल जातोच, पत्र त्याच्या जोडीला जातं. वेटलिस्टवर तसं नसतं. तिथे वर्ग भरलेला आहे आणि १ मेपर्यंत किती जण प्रवेश पक्का करतात हे बघून मगच कोणी यादीकडे वळणार. आपल्या लोकांना वेटिंग म्हटलं की रेल्वे आठवते : आपला नंबर सत्तावीस, तो अठरावर आला, आता बारा. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या यादीला असे नंबरच नसतात. मे महिन्यात प्रवेश समिती बसते तेव्हा पहिला प्रश्न असतो की या वर्गात काय कमी पडलंय. अभियांत्रिकीत कमी मुलं आली का, अमुक भागातून कोणी नाही का, ऑर्केस्ट्रात वाजवणारं कोणी हवंय का. त्यानंतर लगेच दुसरा प्रश्न येतो : ज्याला बोलवू तो येईल का? त्यांच्या हाताशी दिवस थोडे असतात. होकार कळवल्यावर मुलालाही बरेचदा दोन-तीन दिवसांतच उत्तर द्यायचं असतं. अशा घाईत वाचणाऱ्याला पत्रातून दोनच गोष्टी हव्या असतात. अर्जानंतर नवं काय घडलं, आणि बोलावलं तर येणार का? या दोन्हींची उत्तरं मुलाखेरीज कोणाकडेच नाहीत. तुमचा ‘असं काय सापडणार’ हा प्रश्न त्या पहिल्या अर्जापुरता ठीक आहे. जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये हे मूल कुठे उभं आहे, ते त्या अर्जात नसतंच.

साशंक : येणार का, हे विचारायला एक चौकोन पुरतो. टिचकी मारली, झालं. वेटलिस्टवर राहायचंय का, हे तर सगळीच कॉलेजं तसंच विचारतात. पत्राची अपेक्षा ठेवली की त्यातून इच्छेची तीव्रता मोजायला सुरुवात होते, आणि मग मला विचारावंसं वाटतं की ती तीव्रता नेमकी कोणाला हवीय. दिलेल्या प्रवेशांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात, हा आकडा कॉलेजला जपायचा असतो. वसतिगृहं भरायची असतात, अंदाजपत्रक जुळवायचं असतं. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने कॉलेजच्या हिशेबाची चिंता दूर करायची. आणि गंमत म्हणा वा दुःख म्हणा, ज्या नावांसाठी घरोघरी जीव टाकला जातो ती कॉलेजं स्वतःच लिहून देतात की आम्ही हे मोजत नाही. दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता कॉलेजं भरतात. त्यात ‘अर्जदाराने दाखवलेली आस्था’ अशी एक ओळ असते. एमआयटी, स्टॅनफर्ड, येल यांनी तिथे विचारात घेत नाही असं नोंदवलंय. तरीही त्यांच्याकडे आस्थेची पत्रं जातातच. ज्याने ‘नको’ म्हटलंय त्याला पुन्हा पुन्हा विनवणं आपण एरवी मुलांना शिकवत नाही. आपल्या घरांत तर याउलट शिकवण असते. राज्यातल्या केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राऊंडला बसलेल्या मुलाला ठाऊक असतं की पर्सेंटाइल आणि पसंतीक्रम भरला की पुढचं यंत्र ठरवणार, तिथे प्राचार्यांना पत्र लिहून कोणाचं काही हलत नाही. आणि हललं तर त्याला आपण वशिला म्हणतो. ज्या समाजाने गुणवत्ता यादीलाच न्याय मानलंय, त्यातल्या पोराला तुम्ही सांगताय की आता लिहून बघ, कदाचित विरघळतील.

आग्रही : विरघळवण्यासाठी लिहू नये, हे तर मी मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. आणि तो तक्ता तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण माझा सल्ला तिथूनच सुरू होतो. लिहायला बसण्याआधी त्या कॉलेजचा तक्ता उघडा. आस्थेच्या ओळीत काय आहे ते बघा. मागच्या काही वर्षांत वेटलिस्टवर किती जणांना ठेवलं, किती जणांनी तिथे राहणं पत्करलं आणि शेवटी किती जणांना घेतलं, हे तीन आकडे त्याच तक्त्यात असतात. मग निकालासोबत आलेली सूचना नीट वाचा. काहीही पाठवू नका असं लिहिलं असेल तर पाठवायचं नाही, तिथे आज्ञा पाळणं हीच सभ्यता. एमआयटी आस्था मोजत नाही, पण स्वतःहून एक फॉर्म उघडते आणि मध्यवर्षाचे गुण नि नव्या घडामोडी त्यात मागते. म्हणजे आस्था नको असली तरी माहिती हवी असते. मी ज्या पत्राची बाजू घेतोय ते बहुतांशी माहितीचंच पत्र आहे.

एक उदाहरण समोर ठेवतो. समजा, पुण्याच्या एका मुलीने अर्जात लिहिलं होतं की ती सुट्टीत आजोळी, पुरंदर तालुक्यात, गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजते. ती डिफर झाली. तिच्या पहिल्या मसुद्यात असं होतं : तुमचं विद्यापीठ माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, तिथलं वातावरण मला घडवेल, मी अजूनही तितकीच उत्सुक आहे. हे पत्र कॉलेजचं नाव बदलून दहा ठिकाणी धाडता येईल, म्हणून ते कुठेच पोचत नाही. आता दुसरा मसुदा ऐका. ‘ऑक्टोबरात मी लिहिलं होतं की ओढ्याजवळच्या विहिरींना पाणी जास्त टिकतं. जानेवारीच्या मोजणीत त्यातल्या दोन विहिरी वरच्या आळीतल्या विहिरींच्या आधी आटल्या. शेजारी नवी बोअर झाली आहे, तिची खोली मी आता विचारून घेतली आहे. माझं अनुमान मला बदलावं लागतंय, आणि ते कसं बदलायचं हे शिकवणारा भूजलाचा विषय तुमच्याकडे पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आहे. सोबत प्रिलिमचे गुण जोडते. रसायनशास्त्रात कमी आहेत. आमच्या शाळेत प्रिलिम बोर्डापेक्षा कडक तपासतात, तसं शाळेने अहवालात नोंदवलं आहे.’ बस. अर्धं पान. यात विनवणी कुठे आहे? नोव्हेंबरनंतर या मुलीचं डोकं थांबलेलं नाही, एवढं वाचणाऱ्याला कळतं. प्रत्येक विभागाचे अर्ज वाचणारा अधिकारी बहुधा ठरलेला असतो. समितीपुढे तिची बाजू मांडायची झाली तर त्याच्या हातात या चार ओळी आहेत.

साशंक : मुलगी गोड आहे आणि पत्रही चांगलं आहे. पण ती तुम्ही घडवलीत म्हणून तिच्या विहिरी वेळेवर आटल्या. खऱ्या जानेवारीत काय असतं ते सांगू? बारावीच्या प्रिलिम. मग प्रात्यक्षिकं, मग बोर्ड. महाराष्ट्रातल्या बारावीच्या मुलाचं जानेवारी ते मार्च हे आयुष्य म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि ताप आला तरी न चुकवलेला क्लास. त्याला नवं काय घडणार? इथेच पत्राचा उपद्रव सुरू होतो. नवं काही नसेल तर ते घडवून आणायचं. घाईघाईने एखादी संस्था काढायची, कुठल्या तरी ऑनलाइन स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळवायचं, वस्तीतल्या मुलांना दोन रविवार शिकवून त्याचे फोटो काढायचे. पुढे सल्लागारांचं दुकान आहेच, डिफर झालेल्यांसाठी वेगळं पॅकेज. मूल जे जगतं ते लिहायचं सोडून, लिहिता यावं म्हणून जगू लागतं. तुमच्या अर्ध्या पानाच्या मागे ही सगळी यंत्रणा हललेली असते.

आणि पत्रांनी जागा मिळतच नाहीत, असं मी म्हणत नाही. मिळतात. फक्त कोणाच्या पत्रांनी ते बघा. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशांचा अहवाल दिला. चार कॅम्पसमध्ये, सहा शैक्षणिक वर्षांत, ६४ अर्जदारांना गैरमार्गाने प्रवेश मिळाल्याचं त्यात नोंदवलंय. त्यातलं एक प्रकरण नेमकं वेटलिस्टचं आहे. बर्कलीच्या वेटलिस्टवरच्या एका अर्जदारासाठी विद्यापीठाच्या नियामक मंडळातल्या एका सदस्याने थेट चॅन्सेलरना शिफारसपत्र धाडलं आणि त्या अर्जदाराला प्रवेश मिळाला. आशियाई-अमेरिकन अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर भरलेला खटला २०१८ च्या ऑक्टोबरात बोस्टनच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा ‘झेड लिस्ट’चा तपशील उजेडात आला : दरवर्षी साधारण ५० ते ६० मुलांना एक वर्ष थांबण्याच्या अटीवर प्रवेश, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा भरणा मोठा. ज्यांच्यासाठी कोणीतरी दुसराच लिहितो, त्यांना स्वतः लिहावं लागत नाही. तुमची पुरंदरची मुलगी भूजलाबद्दल प्रामाणिकपणे लिहीत असते, तेव्हा त्याच टेबलावर दुसरी कुठली पत्रं पडलेली असतात हे तिला कोण सांगणार?

आग्रही : मीच सांगेन. तिला हे ठाऊक असायलाच हवं. पण यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. मोठ्यांच्या मुलांसाठी बोलणारे दहा जण असतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी देशाबाहेर शिकायला निघालंय, ज्याच्या शाळेत परदेशी प्रवेशांसाठी समुपदेशक नाही आणि वर्गशिक्षिकाच अहवाल भरते, त्याच्याकडे स्वतःच्या शब्दांखेरीज दुसरं काय आहे? त्याला आपण सांगितलं की पत्राने काही होत नाही, तर तो लिहिणार नाही. बाकीचे लिहितीलच. गैरमार्ग बंद करायला लेखापरीक्षक हवेत, न्यायालयं हवीत. त्यासाठी सरळ मार्गाने जाणाऱ्याने वाट सोडायची का?

नवं काही नसलं तर काय, या प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे : नाही म्हणून सांगावं. प्रिलिमचा अभ्यास चालू आहे, गुण सोबत आहेत, अर्जात लिहिलेला बेत कायम आहे. चार वाक्यं. ओढूनताणून आणलेल्या संस्थेपेक्षा ही चार वाक्यं वाचणाऱ्याला बरी वाटतात, कारण वर्षभर हेच वाचणाऱ्याला बनाव लगेच कळतो. आणि आपल्या घरांतल्या एका अडचणीबद्दलही बोलू. आपली मुलं लिहायला कचरतात ती प्रामाणिकपणामुळेच असं नाही. ‘आपणच आपलं काय सांगायचं’ हा संस्कार त्यांच्यात मुरलेला असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेलं मराठी मूल असो की पुण्यातल्या औंधमधलं, आजी-आजोबांनी तेच बिंबवलेलं असतं. पत्रात कौतुक नकोच आहे. काय केलं, काय निघालं, काय चुकलं, पुढे काय, इतकं सांगायचं. आपण केलेल्या कामाचा हिशेब देणं ही टिमकी नाही. पुढे नोकरीत, संशोधनात, कुठेही लागणारी ही गोष्ट सतराव्या वर्षी शिकायला मिळाली, तर प्रवेश न मिळताही ते पान फुकट जात नाही.

साशंक : हिशेब देण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी खरी तक्रार तुमच्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे : बोलावलं तर येणार का? वेटलिस्टच्या पत्रातलं सगळ्यांत वजनदार वाक्य कुठलं, हे प्रत्येक समुपदेशकाला पाठ आहे. ‘प्रवेश दिलात तर मी नक्की येईन.’ हे वाक्य कोण लिहू शकतं? अमेरिकेतल्या नामवंत खाजगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च, शिकवणी फी आणि राहणं-जेवण धरून, आता अनेक ठिकाणी ९० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. चार वर्षांचा विचार करा. ज्याच्या वडिलांना हा आकडा झेपतो, तो ते वाक्य एका दमात लिहील आणि ते खरंही असेल. ज्याला आर्थिक मदत किती मिळेल यावर सगळं ठरवायचंय, तो काय लिहिणार? भारतातून अर्ज करणाऱ्याची आर्थिक परिस्थिती न पाहता निर्णय घेणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी थोडी. बाकीच्यांकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला मदतीचा पैसा एप्रिलपर्यंत वाटून संपत आलेला असतो. अमेरिकन मुलांचीही ऐपत पहिल्या फेरीत न पाहणारी कित्येक कॉलेजं वेटलिस्टवरून घेताना मात्र ती पाहतात. म्हणजे ज्या टप्प्यावर ‘नक्की येईन’ला सर्वांत जास्त भाव आहे, त्याच टप्प्यावर गरजू मुलाला ते म्हणता येत नाही. तुम्ही म्हणता पत्र इच्छा सांगतं. मला दिसतं की ते ऐपत सांगतं, आणि इच्छेच्या नावाखाली सांगतं.

दुसरं असं की, या वाक्याला कसलंच बंधन नाही. अर्ली डिसिजन, म्हणजे प्रवेश मिळाल्यास यायचंच असं बंधन घालणारी लवकरची फेरी, तिच्या करारावर मुलगा, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या लागतात. या पत्रावर कोणाची सही नाही. त्यामुळे तीन कॉलेजांना ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ लिहिणारी मुलं असतात, आणि ते खपूनही जातं. खरं बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमत त्यामुळे रोज थोडी उतरते.

आग्रही : या मुद्द्यावर माझ्याकडे हजरजबाबी उत्तर नाही, आणि मी ते शोधणारही नाही. जे करता येतं ते सांगतो. नक्की येईन हे वाक्य एकाच कॉलेजला लिहायचं. दुसरीकडे अजूनही मनापासून इच्छुक आहे असं म्हणावं, ते खरं असेल तर. पैशाचं उघड लिहावं : ‘आमच्या कुटुंबाच्या परिस्थितीप्रमाणे मदत मिळाली तर मी येईन, आमची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, त्यांत बदल नाही.’ काही पालकांना वाटतं की पैशाचा विषय काढूच नये, आधी आत शिरू, मग बघू. तसं करणाऱ्यांना जूनमध्ये होकार येतो आणि मदत शून्य. त्या वेळी घरात जे होतं ते मी पाहिलंय. गावची जमीन काढायची का, कर्ज किती काढायचं, हे सगळं दोन दिवसांत ठरवायचं असतं, कारण कॉलेजला उत्तर हवं असतं. भारतातून जाणाऱ्याला पुढे आणखी वेळेची मारामारी. नव्या कॉलेजचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा दाखला, यायला हवा, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी भरलेली असेल तर ती नव्या नोंदीला जोडून घ्यायला हवी, आणि ऐन गर्दीच्या मोसमात मुंबईच्या वकिलातीत व्हिसाची तारीख मिळायला हवी. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात. म्हणून अट आधीच स्पष्ट लिहिणं हे प्रामाणिकपणाइतकंच शहाणपणाचंही आहे.

साशंक : शहाणपणाचं आहे, पण ती अट लिहिताक्षणी तो मुलगा मागे पडतो, हे तुम्ही नाकारत नाही.

आग्रही : नाही, नाकारत नाही. काही कॉलेजांत तो मागे पडतो.

साशंक : मग वाट पाहण्याबद्दल बोलू, कारण पत्राची ती किंमत कोणत्याच तक्त्यात नसते. १ मेपर्यंत दुसऱ्या कॉलेजात पैसे भरून जागा पक्की करावीच लागते. म्हणजे या मुलाला एका कॉलेजने ‘ये’ म्हटलंय. त्याने तिथे होकार कळवलाय, तिथल्या मुलांच्या गटात तो सामील झालाय, कोणाबरोबर खोली घ्यायची हेही ठरतंय. आणि मनाने तो दुसरीकडेच आहे. सकाळी उठल्यावर आधी मेल बघतो. घरातून विचारणा सुरू : पुन्हा लिहिलंस का? फोन करून बघ ना. आणखी एक शिफारसपत्र पाठवायचं का? मे जातो, जून जातो, काही कॉलेजं यादी जुलैपर्यंत मिटवत नाहीत. ज्या कॉलेजने त्याला मनापासून बोलावलं त्याच्या वाट्याला अर्धं मन येतं. न लिहिणाऱ्याचं दुःख एकदाच होतं, लिहिणाऱ्याला ते उन्हाळाभर पुरतं. आणि हे वाट पाहणं फक्त मुलाला करावं लागतं. कॉलेजला त्याच यादीचा फायदा आहे. जागा रिकामी राहण्याचा धोका त्यांनी शेकडो घरांच्या उन्हाळ्यावर ढकलून दिलेला असतो.

आग्रही : तो धोका कोणावर ढकलला जातोय हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. पण वाट पाहणं पत्रामुळे सुरू होत नाही. यादीवर राहतो म्हणून टिचकी मारली तेव्हाच ते सुरू झालं. पत्र न लिहिता यादीवर राहणाऱ्याचंही चित्त मेलमध्येच अडकलेलं असतं. त्यामुळे खरा निर्णय पत्राआधीचा आहे : यादीवर राहायचं का? मी मुलांना त्यावर दोन दिवस विचार करायला लावतो. ज्या कॉलेजने होकार दिलाय तिथले विषय, तिथले प्राध्यापक, तिथला खर्च नीट बघ आणि मग सांग, तुला ते दुसरं कॉलेज अजून हवंय का, की फक्त त्याने नाही म्हटलं हे सहन होत नाहीये? कित्येक मुलं तिथेच थांबतात, आणि हलकी होतात. जी थांबत नाहीत त्यांनी एकदाच लिहावं. एक पत्र, एप्रिलमध्ये. त्यानंतर बोर्डाचा निकाल लागला तर फक्त तो कळवायचा. फोन नाही, आईवडिलांची पत्रं नाहीत, ओळखीतल्या माजी विद्यार्थ्याची चिठ्ठी नाही. आणि कुठल्या तारखेला आपण यादीतून नाव काढून घेणार हे लिहायच्या आधी घरात ठरवायचं. वाट पाहणं कधी संपवायचं हे कॉलेजने ठरवू नये, मुलाने ठरवावं. आणि मुलाला लिहायचंच नसेल, तर वडिलांनी मसुदा करून ‘एवढं फक्त पाठव’ म्हणू नये. न लिहिणं हेही त्याचं उत्तरच आहे.

साशंक : या अटींवर लिहिलेल्या पत्राला माझा विरोध उरत नाही. म्हणजे माझी शंका संपली असं समजू नका, ती जागा बदलतेय. तुम्ही मुलाच्या बाजूने बघता, मी प्रथेच्या बाजूने. कॉलेजं वेटलिस्टवरून किती जण घेतले हे छापतात. पत्राने किती जणांचं काही हललं हे कोणी छापत नाही. मदतीचा पैसा उरलाय का हे यादीवर ठेवतानाच सांगणारी कॉलेजं विरळा. प्रत्येक घरातून चांगलं पत्र जात राहिलं तर त्यांना ते सांगण्याची गरजच काय? सर्वांनी नियम पाळून, नम्रपणे, एकेक पत्र पाठवावं, आणि ज्यांचं व्हायचं त्यांचं आधीच ठरलेल्या कारणांनी व्हावं. चांगली पत्रं अशा व्यवस्थेला भलेपणा मिळवून देतात. मला वाटतं, यादीवर ठेवताना त्याच निरोपात मागच्या पाच वर्षांचे आकडे, परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदत शिल्लक आहे की नाही, आणि निर्णयाची शेवटची तारीख सांगणं कॉलेजवर बंधनकारक असावं. त्यानंतर मागावं पत्र, हवं तर.

आग्रही : ते बंधन आलं तर सर्वांत आधी मी आनंदाने सही करीन. पण पुरंदरच्या मुलीचं सतरावं वर्ष तोवर थांबणार नाही. तिला आज जेवढं माहीत करून देता येईल तेवढं देणं माझ्या हातात आहे. आकडे मी काढून दाखवतो, मदतीबद्दल कॉलेजला विचारायला लावतो. हे सगळं समोर ठेवूनही ती लिहायला बसली, तर ती फसलेली नाही. तिने समजून मागितलंय. जे हवंय ते स्पष्ट मागायचं, नकार ऐकायची तयारी ठेवायची, हे धैर्य मी तिच्याकडून काढून घेणार नाही. व्यवस्थेला त्याने भलेपणा मिळत असेल, तरी ते धैर्य व्यवस्थेचं नाही, तिचं आहे.

साशंक : तिचं आहे, कबूल. पण एक प्रश्न तुमच्याकडे ठेवून जातो. दोन मुली आहेत. दोघींनी सारखंच काम केलंय, दोघींना सारखंच यायचंय, दोघी खऱ्या आहेत. एक लिहिते, ‘मी नक्की येईन.’ दुसरी लिहिते, ‘मदत मिळाली तर येईन.’ समितीत वाचणाऱ्याला पहिलीत निर्धार दिसतो आणि दुसरीत साशंकता, जरी फरक फक्त बापाच्या पगाराचा असला तरी. दुसरीने अट गाळावी असं तुम्ही सांगणार नाही, मीही सांगणार नाही. मग तिला पत्र लिहायला सांगताना तुम्ही नेमकं काय सांगता?

आग्रही : सांगतो की तुझं वाक्य खरं आहे आणि ते कदाचित तुझ्याविरुद्ध वाचलं जाईल. हे दोन्ही सांगतो. तरीही लिही, असं म्हणायला जीभ अडते. लिहू नको असं म्हणायलाही अडते, कारण मग त्या टेबलावर फक्त पहिलीचंच पत्र राहील, आणि इच्छा फक्त ऐपत असलेल्यांनाच असते असं वाचणाऱ्याला वाटत राहील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या पत्रात नाहीच. ते वाचणाऱ्याने काय वाचायचं ठरवलंय त्यात आहे, आणि त्याला ते विचारणारं पत्र मुलांनी लिहून भागणार नाही.

साशंक : मग ते कोणी लिहायचं, हे ठरवायला हवं. शाळांनी, पालकांनी, तुम्ही नि मी. तोवर त्या दुसऱ्या मुलीच्या पत्राबद्दल तुमचं-माझं एकमत होणार नाही, आणि व्हायची घाईही मला वाटत नाही.